ठणठणीत, तरीही बाद

डायव्हर वर आला, दोरी धरून दोन-तीन श्वास घेतले, हाताने ओकेची खूण केली, 'आय अ‍ॅम ओके' म्हणालासुद्धा. आणि पंचाने लाल कार्ड दाखवलं!

का? तर मास्क डोळ्यांवरच राहिला. फ्रीडायव्हिंगच्या (टाकीशिवाय, एकाच श्वासावर बुडी मारण्याच्या) स्पर्धांचा नियम असा, की तोंड पाण्याबाहेर आल्यापासून १५ सेकंदांत मास्क काढायचा, खूण करायची, ते वाक्य म्हणायचं. इतकी खोल बुडी, आणि बाद कशावरून तर चष्म्यावरून. व्हिडिओ बघताना मला भयंकर राग आला.

मग जरा वाचलं. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचाही. त्यामुळे माणूस तळाशी नाही, बहुधा शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर बेशुद्ध पडतो. साध्या तीन गोष्टी जमतायत का, यावरून मेंदू जागेवर आहे की नाही ते कळतं.

गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी की श्वासासाठीची ती तडफड ऑक्सिजन संपल्यामुळे नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे असते. बुडीआधी जोरजोरात श्वास घेतले की तो कमी होतो आणि धोक्याची घंटाच उशिरा वाजते. ऑक्सिजन मात्र संपत राहतो.

फ्रेंच फ्रीडायव्हर स्तेफान मिफसूदने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. नऊ मिनिटं ओलांडणारी पहिली स्त्री, रशियाची नतालिया मोल्चानोवा, २०१५ मध्ये स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ बुडी मारून गेली, ती वर आलीच नाही.

ऑक्सिजन संपत आलाय हे थेट सांगणारं शरीरात ठळक असं काहीच नाही का? मित्रयादीतल्या डॉक्टरांनो, सांगा बुवा.