छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस : दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यांत

मुंबईच्या या स्थानकाची छायाचित्रे काढायला जाणाऱ्याने सर्वांत आधी दिशा लक्षात घ्यावी. इमारतीचे तोंड पश्चिमेला, डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाकडे आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे दुपारपर्यंत दर्शनी भाग सावलीत राहतो आणि घुमटामागचे आकाश पांढरे फटक दिसते. पुण्याहून डेक्कन क्वीनने येणारा प्रवासी साडेदहाच्या सुमारास उतरतो, उत्साहाने बाहेर जाऊन समोरून चार छायाचित्रे काढतो आणि मग त्यांत कोरीवकाम का दिसत नाही म्हणून हिरमुसतो. आम्ही, म्हणजे मी आणि माझा भाचा, डिसेंबरमध्ये याच गाडीने गेलो होतो. परंतु बाहेरची छायाचित्रे दुपारनंतरच काढायची आणि तोवर आतला भाग, कोपऱ्यांतली शिल्पे आणि समोरचा परिसर पाहून घ्यायचा, असे आधीच ठरवले होते.

आत पाहण्यासारखे सर्वांत सुंदर ठिकाण म्हणजे उपनगरी गाड्यांच्या बाजूचे जुने तिकीटघर. निळ्या छतावर सोनेरी तारे असल्यामुळे त्याला ‘स्टार चेंबर’ म्हणतात. टोकदार कमानी, घडीव दगडी खांब, इटालियन संगमरवर आणि या साऱ्याखाली तिकिटाच्या रांगेत उभी असलेली माणसे, असे ते दृश्य आहे. रिकामे दालन टिपण्याचा हट्ट धरू नये. ते रिकामे मिळत नाही, आणि मिळाले तरी माणसांविना ते अर्धेच वाटेल. गर्दीच्या वेळा टाळून साडेअकरा ते साडेतीनच्या दरम्यान जावे, कॅमेरा छातीशी धरून वरच्या दिशेने पाहावे आणि फ्लॅश वापरू नये. येथे प्रकाश कमी असल्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० पर्यंत न्यावा लागतो. भाच्याकडे फक्त मोबाइल होता आणि त्याच्या रुंद भिंगातून छताची जी चौकट आली, ती माझ्या कॅमेऱ्यातल्या चौकटीपेक्षा सरस होती, हे मान्य केले पाहिजे.

परवानगीबाबत स्पष्ट बोलणे बरे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी याच स्थानकात अतिरेक्यांनी गोळीबार केला आणि ५८ जणांचे प्राण गेले. तेव्हापासून येथील सुरक्षा व्यवस्था कडक आहे, आणि ती तशी असण्यात गैर काही नाही. मोबाइलवर किंवा हातातल्या लहान कॅमेऱ्यावर आठवणीसाठी छायाचित्रे काढणाऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, परंतु तिपाई उघडली, मोठे भिंग बाहेर काढले किंवा एकाच जागी बराच वेळ थांबले की रेल्वे सुरक्षा दलाचा जवान विचारपूस करतोच. व्यावसायिक छायाचित्रणासाठी मध्य रेल्वेची पूर्वपरवानगी लागते. ओळखपत्र जवळ ठेवावे, विचारले तर काढलेली चित्रे दाखवावीत आणि थांबायला सांगितले तर वाद न घालता थांबावे. ड्रोनचा विचारही करू नये, कारण मुंबईत परवानगीविना ते उडवल्यास थेट गुन्हा दाखल होऊ शकतो.

मुख्य घुमटाखालच्या भागात मध्य रेल्वेची कार्यालये आहेत आणि तेथे कोणालाही सहज जाता येत नाही. कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक वेळेत वारसा दालन पाहता येते. त्यासाठी तिकीट आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्यांची येथे निराशा होते, म्हणून शक्य असल्यास कामाचाच दिवस निवडावा आणि त्या दिवसाची वेळ प्रवेशद्वारावर विचारून घ्यावी. घुमटाखालचा कुठलाही आधार नसल्यासारखा भासणारा वळणदार दगडी जिना पाहिल्यावर वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या हिमतीची कल्पना येते. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८८७ मध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्थानकाला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द आला. जुनी मुंबईकर मंडळी अजूनही टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’च सांगतात आणि तोही न चुकता तेथेच आणून सोडतो.

दुपारी तीननंतर खरे काम सुरू होते. तिरपे ऊन दगडावर पडते, पिवळसर रंग उजळतो आणि सकाळी सपाट दिसणाऱ्या भिंतीतून पाने, मोर, माकडे आणि चेहरे बाहेर येऊ लागतात. सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी या सजावटीवर काम केले होते. ती टिपायची तर ७० ते २०० मिलिमीटरचे, म्हणजे दूरचे जवळ आणणारे, भिंग सोबत असावे. मोबाइल येथे उणा पडतो. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, ब्रिटनचे प्रतीक, आणि दुसरीकडे वाघ, भारताचे प्रतीक, बसवलेले आहेत. घुमटाच्या शिखरावर उजव्या हातात मशाल उंचावलेली आणि डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक असलेली ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती उभी आहे. घड्याळाखालचा कोनाडा मात्र रिकामा आहे. तेथे पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. दर्शनी भागावरील मुखवट्यांमध्ये नाना शंकरशेट यांचे मुख शोधण्यात आम्ही बराच वेळ घालवला, आणि मराठी माणसाने तो घालवावाच असे माझे मत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिच्यामागच्या खटपटीत नानांचा आणि जमशेटजी जीजीभाईंचा मोठा वाटा होता. पाचच्या सुमारास समोरच्या इमारतींच्या सावल्या खालच्या मजल्यावर चढू लागतात, त्यामुळे संपूर्ण इमारत एका चौकटीत हवी असेल तर साडेतीन ते साडेचार ही वेळ हिवाळ्यात उत्तम. पाच वाजून दहा मिनिटांनी परतीची डेक्कन क्वीन सुटते. तिने जाणाऱ्याला रात्रीचे दृश्य पाहायला मिळणार नाही, एवढे आधीच समजून घ्यावे.

पूर्ण इमारतीसाठी रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या बाजूला जावे. रस्ता वरून ओलांडण्याचा प्रयत्न करू नये; भुयारी मार्ग आहे, तोच वापरावा. मुख्यालयाजवळ चौकाच्या कोपऱ्यावर इमारत पाहण्यासाठी मुद्दाम बांधलेला कट्टा आहे. लोक त्याला ‘सेल्फी पॉइंट’ म्हणतात आणि संध्याकाळी तेथे जागा मिळवण्यासाठी खरोखरच धक्काबुक्की होते. २४ मिलिमीटरचे, म्हणजे रुंद, भिंग असेल तर तेथून दोन्ही बाजू चौकटीत बसतात. कॅमेरा वर तिरका केला की मनोरे आत झुकलेले दिसतात. तो सरळ धरून खाली थोडा जास्त रस्ता येऊ द्यावा आणि नंतर चित्र कापावे. मागे वळून महापालिकेची इमारतही पाहावी. १८९३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे, आणि तिचा मनोरा स्थानकाच्या घुमटापेक्षा छायाचित्रात अधिक सहज बसतो.

डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातनंतर. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत मोलाची असतात, कारण आकाश गडद निळे असते, इमारतीवरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असतो. तासाभराने आकाश काळे पडते आणि घुमटाची कडाच हरवते. पूर्ण रात्रीची वाट पाहत बसणारे पुष्कळ लोक हा मधला वेळ चहात घालवतात. तसे करू नये, चहा नंतरही मिळतो.

दिव्यांविषयी माझी थोडी तक्रार आहे. इमारतीवर रंग बदलणारी रोषणाई केलेली आहे आणि स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी ती तिरंगी होते. गर्दीला ती आवडते. भाचाही खूश होता. परंतु गडद लाल किंवा जांभळ्या प्रकाशात दगडाचा पोत मरतो आणि दुपारी इतक्या मेहनतीने पाहिलेले कोरीवकाम रंगाच्या एका थरात बुडून जाते. पिवळसर किंवा पांढरा रंग येईपर्यंत थांबावे आणि तेवढ्यात चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनच्या आसपास पक्का करावा, चित्र रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्यावे आणि लाल प्रकाशात हिस्टोग्राममधला, म्हणजे उजेडाच्या आलेखातला, लाल रंग उजव्या टोकाला आपटत नाही ना, हे तपासावे. रंग बदलण्याच्या क्षणी शटर उघडे असेल तर दोन रंगांची भेसळ होते.

वाहनांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर आयएसओ १००, भिंगाचे छिद्र एफ ८ ते ११ आणि शटर आठ ते दहा सेकंद उघडे, एवढे पुरते. सिग्नल लाल असताना बसगाड्या आडव्या उभ्या राहून अर्धी इमारत झाकतात, म्हणून सिग्नल सुटून गाड्या हलू लागल्यावरच शटर उघडावे. बेस्टची दुमजली विजेवरची बस या भागात धावते. ती चौकटीतून गेली की प्रकाशाची रेषा इतकी उंचावरून येते की खालच्या कमानी झाकल्या जातात. काहींना तेच आवडते. तिपाई लहान असावी, कट्ट्यावर भिंतीला टेकवून लावावी आणि तिचे पाय येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत येऊ देऊ नयेत. तेथेही पोलीस असतात आणि गर्दी वाढली की ते तिपाई उचलायला सांगतात. अशा वेळी कठड्यावर कॅमेरा ठेवून दोन सेकंदांच्या टायमरने काम भागते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडते, म्हणून शक्य झाल्यास ऑगस्टमधली एखादी उघडीप साधावी.

मध्य आणि हार्बर मार्गांच्या लोकल येथेच संपतात. पश्चिम मार्गाने येणाऱ्यांनी चर्चगेटला उतरून पंधरा-वीस मिनिटे चालावे. भुयारी मेट्रोचे स्थानकही आता येथे झाले आहे. भूक लागल्यास समोर ‘आराम’चा वडापाव आहे आणि थोडे आत गेल्यास ‘पंचम पुरीवाला’. पुण्याला त्याच रात्री परतायचे असल्यास सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखी उशिराची गाडी सोयीची पडते, मात्र आरक्षण आधी करावे आणि सुटण्याची वेळ त्या दिवशी पुन्हा तपासावी.