उधारीच्या वहीचं पान

चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली म्हणून जे.जे.त गेले, पेंटिंग शिकले आणि आता ब्रश क्वचितच हातात धरते. छापे, फोटो, शिवण, ज्या कामाला जे लागेल ते. नक्की करतेस काय, हे नातेवाइकांना समजावणं सोडून दिलंय.

लालबागच्या एका चाळीत गिरणी कामगारांच्या घरच्या बायकांबरोबर सायनोटाइप करत होतो. जॉन हर्शेलची १८४२ची रीत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण सुती कापडाला लावायचं, अंधारात सुकवायचं, वर वस्तू मांडून उन्हात ठेवायचं. नुसत्या पाण्यात धुतलं की ऊन खाल्लेला भाग निळा, झाकलेला पांढरा. चित्रकलेचा हात लागतच नाही. ‘लोकसहभाग’ म्हणजे बहुतेकदा कलाकारानं आखायचं आणि लोकांनी रंग भरायचा. त्याचा मला कंटाळा आलाय.

गच्चीवर कापड अंथरलं. साचेखात्यातले, म्हणजे गिरणीत विणकामाला असलेले, एक काका मागाचा धोटा घेऊन आले, तो मधोमधच हवा म्हणाले. बायकांनी भोवती लाटणी, ताटं, झारे मांडले. मग खानावळवाल्या आजी आल्या. गावी कुटुंब ठेवून मुंबईत एकटे राहणारे गडी महिन्याच्या हिशोबावर त्यांच्याकडे जेवायचे. पदराखालून त्यांनी उधारीच्या वहीचं एक सुटं पान काढलं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतरचं. पेन्सिलीनं लिहिलेली नावं, पुढे आकडे, आणि पानभर तेलाचे डाग.

ते डाग बघून मी चमकले. तेल प्यायलेल्या कागदातून उजेड आरपार जातो. पान धोट्याला खेटून ठेवलं, वर काच दाबली.

धुतल्यावर झाऱ्याच्या भोकांचे निळे ठिपके उठले आणि पोरं ओरडली. पण मोठी माणसं पानाकडे बघत होती. पांढरा चौकोन, त्यात जिथे जिथे तेल सांडलं होतं तिथे निळी थारोळी, आणि त्या निळ्यात पांढरी अक्षरं. कुठे अर्धं नाव, कुठे नुसता आकडा.

‘‘नावं नकोत,’’ काका म्हणाले. ‘‘माणसं गेली, त्यांची पोरं इथंच राहतात.’’

‘‘मी काय वसुलीला बसलेय?’’ आजी उसळल्या. ‘‘जेवले होते, एवढंच हाय त्यात.’’

बराच वेळ जुंपली. मी मध्ये पडले नाही. शेवटी काकांनी चष्मा पुसून एक अर्धं नाव स्वतःच पुरं केलं, आणि वाद ‘तो कुठल्या गिरणीत होता’ यावर गेला.

कापड आधी प्रदर्शनाला आणि मग गणपतीच्या मखरामागे, असं बायकांनी ठरवून टाकलं. मी बजावलं, साबण नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको, निळा उडून जाईल. उन्हात वाळत घालू नका.

आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजे पडदा आमचा आन् सोवळं तुझं!’’