टेबलावरचं मँचेस्टर

घरी येणारं प्रत्येक जण माझ्या टेबलावरचं लाकडी मॉडेल बघून विचारतं, "काका, दुसऱ्या महायुद्धातलं ते नावाजलेलं ब्रिटिश बॉम्बर लँकेस्टर सोडून हे दोन इंजिनांचं मँचेस्टर का ठेवलंत? ते फसलेलं बॉम्बर ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विमान चांगलं होतं, दगा दिला तो इंजिनाने.

ॲव्ह्रो या ब्रिटिश विमान कंपनीचे डिझायनर रॉय चॅडविक यांचं हे विमान २५ जुलै १९३९ ला पहिल्यांदा उडालं. त्याला रोल्स-रॉइसचं व्हल्चर इंजिन होतं: दोन व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडर असलेली इंजिनं) एकमेकांना उलटे जोडलेले, चोवीस सिलिंडर आणि पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एकच. म्हणजे क्रँकच्या एकेका पिनवर चार-चार कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांचा) भार. माझा जन्म डिझेल इंजिनं खोलण्यात गेला, त्यामुळे हे वाचतानाच पोटात गोळा येतो. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग तेलावाचून जळलं की काय होतं, ते मी हातात धरून पाहिलंय. बेअरिंगच्या शेलवर (कवचावर) नखाला लागतील असे चरे, कडा निळ्या पडलेल्या, आणि जळक्या तेलाचा वास. आमची गाडी रस्त्याच्या कडेला तरी लागते. भरलेल्या मँचेस्टरचं एक इंजिन गेलं, की उरलेल्या एकावर त्याला उंची टिकवता येत नसे.

तोडगा निघाला होता. तेच धड, पंख लांबवलेले आणि व्हल्चरऐवजी रोल्स-रॉइसचीच चार मर्लिन इंजिनं. ९ जानेवारी १९४१ ला ते उडालंसुद्धा. तेच पुढचं लँकेस्टर. मँचेस्टरची पहिली मोहीम मात्र त्यानंतर, फेब्रुवारीत, फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरावर निघाली. नवी विमानं हाती येईपर्यंत, जून १९४२ पर्यंत, पोरं याच इंजिनांवर जात राहिली. मला हेच विसरता येत नाही.

त्यातला एक वैमानिक लेस्ली मॅन्सर, जन्म नवी दिल्लीचा. ३० मे १९४२ च्या रात्री हजाराहून जास्त विमानं जर्मनीतल्या कोलोन शहरावर गेली, तेव्हा त्याला वीस पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बॉम्ब टाकून परतताना डावं इंजिन पेटलं. आग विझली, पण विमान खाली येतच राहिलं. बेल्जियमवर त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. साथीदाराने पुढे केलेलं पॅराशूट नाकारलं आणि सगळे बाहेर पडेपर्यंत विमान सरळ धरून ठेवलं.

सहाही जण वाचले. त्यातले पाच इंग्लंडला परत पोहोचले. त्यांनी सांगितलं, म्हणून मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.