रिकवीरची उंच बाटली आणि मामीचा ठेचा

द्राक्षवाल्या माणसाला बागेतून बाहेर काढायचं तर वर्षात एकच फट मिळते: ऑक्टोबर छाटणीच्या आधीचे दोन-तीन आठवडे. त्या फटीत मामा-मामी निफाडहून आमच्याकडे श्टुटगार्टला आले. दोन दिवस राजवाडे, बागा, मोटारींचं संग्रहालय बघून झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं, पण इथला शेतकरी द्राक्ष कसं लावतो ते दाखव."

म्हणून आम्ही फ्रान्सच्या आल्सासला गेलो. श्टुटगार्टहून वेगवान गाडीने स्ट्रासबुर्ग सव्वा-दीड तासावर, तिथून साध्या गाडीने कोलमार अर्धा तास. कोलमारला तीन रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. स्वयंपाकघराचा आग्रह मामीचा होता आणि पुढे तोच सगळ्यात शहाणपणाचा ठरला. पॅरिसहून येणाऱ्यांनाही कोलमारला थेट गाडी मिळते, साधारण अडीच तास लागतात.

वाईनसाठी आम्ही ठरवलेलं गाव रिकवीर, कोलमारपासून बारा-तेरा किलोमीटरवर. स्टेशनजवळून बस जाते, पण मोजक्याच फेऱ्या, आणि रविवारी तर बसच्या भरवशावर राहूच नका. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी फोनमध्ये टिपून ठेवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर तिघांतल्या एकाने दिवसभर कोरडं राहायचं हे घरून ठरवून निघा. फ्रान्समध्ये मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, आणि इथे एका दुकानात सहा पेले सहज पुढे येतात.

बसमधून उतरल्यावर मामा गावात शिरलेच नाहीत. वेशीबाहेर रस्त्याला लागूनच बागा सुरू होतात, तिकडे वळले. गावाच्या मागे शोनेनबुर्ग नावाचा चढ आहे, रीसलिंगसाठी नावाजलेला. त्यांनी एका वेलाजवळ बसून खोडाला हात लावला. "मांडव नाही, वाय आकाराचा आधारही नाही. दोन काड्या वाकवल्यात कमानीसारख्या आणि तारेला बांधल्यात. ठिबक कुठाय?" ठिबक नव्हतंच. पश्चिमेचे ढग व्होज डोंगरावर रिकामे होतात आणि कोलमारच्या वाट्याला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो. एवढ्यावरच हे वेल जगतात, मुळं खोल सोडून. मग छाटणीचं निघालं. आपल्याकडे वेलाला हिवाळ्याची झोप नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. इथे वेल थंडीत पानं टाकून झोपतो, छाटणी एकदाच. "म्हणजे यांचं निम्मं मजुरीत वाचलं," मामांनी हिशोब केला. पानांवर निळसर डाग दिसले तेव्हा मात्र ते खूश झाले. "बोर्डो! मोरचूद आणि चुना. म्हणजे डाऊनी इथेही आहेच." डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणारा बुरशीचा रोग.

एक सूचना: तोडणीच्या दिवसांत बागांतल्या काही पायवाटा बंद असतात. पाटी दिसली तर आत शिरू नका, आणि घड तोडून चाखू तर अजिबात नका. मामांना दोनदा हात धरून थांबवावं लागलं.

रिकवीर म्हणजे तटबंदीतलं एकच उतरतं रस्तावजा गाव, लाकडी चौकटींची रंगीत घरं, वरच्या टोकाला 1291 सालचा डोल्डर बुरूज. अकरानंतर गर्दीने रस्ता भरतो. साडेनऊला पोहोचा, घरं बघून घ्या आणि गर्दी आली की वाईनच्या दुकानात शिरा. आम्ही ह्युगेलमध्ये शिरलो. हे घराणं 1639पासून याच गावात वाईन करतंय. त्यांच्या तळघरात सेंट कॅथरीन नावाचं 1715 सालचं लाकडी पिंप आहे, आजही वापरात असलेलं जगातलं सर्वांत जुनं म्हणून गिनीजमध्ये नोंदलेलं. पण तळघर बघायचं तर आधी ईमेल करून वेळ ठरवावी लागते. आम्ही ती केली नव्हती, तेव्हा तुम्ही करा.

चाखायचा क्रम दुकानातल्या बाईंनीच ठरवला: कोरड्याकडून गोडाकडे. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेचं नाही. घोट तोंडात फिरवून त्यात टाकला तर कोणी वाईट मानत नाही, उलट तुम्ही मन लावून चाखताय असं समजतात. मामीला हे कळल्यावर तिची अडचणच संपली. एरवी ती घोटही घेणार नव्हती.

पहिली आली जाँती. अनेक द्राक्षांची एकत्र केलेली हलकी वाईन, रोजच्या जेवणाची. मग रीसलिंग. मी जर्मनीत राहते, रीसलिंग म्हटलं की मोझेलची जरा गोडसर, हलकी चव जिभेवर येते. इथली रीसलिंग वेगळी: कोरडी, ताठ, शेवटी दगड चाटल्यासारखी. मामांनी एक घोट घेतला, डोळे बारीक केले. "कैरी आहे ही. मीठ-तिखट लावायच्या आधीची." एवढं नेमकं वर्णन मी कुठल्या जाणकाराकडून ऐकलेलं नाही. पिनो ग्री जाडसर, किंचित धुरकट. आणि मग गेवुर्त्सट्रामिनर. नावात 'गेवुर्त्स' म्हणजे मसाला. मामीने पेला नुसता नाकाशी नेला आणि ताडकन म्हणाली, "गुलकंद!" बाईंनी काय म्हणाल्या म्हणून विचारलं. साखरेत मुरवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, असं मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. त्या हसल्या आणि त्यांनी मामीच्या पेल्यात आणखी थोडी ओतली. गुलाब आणि लिची हीच या द्राक्षाची ओळख, आणि मामीने ती कुणी न शिकवता पकडली होती.

शेवटचा पेला वॉनदाँज तार्दिवचा. उशिरा तोडलेल्या, वेलावरच सुकत गोड होत गेलेल्या द्राक्षांची ही गोड वाईन. याच्याही पुढची पायरी म्हणजे बुरशी धरलेले मणी एकेक वेचून केलेली. या दोन्ही प्रकारांचे नियम 1984मध्ये कायद्यात आले आणि त्यामागे ह्युगेल घराण्याचाच पुढाकार होता. बुरशीचं ऐकून मामा हबकले. "कुजलेला मणी आम्ही कात्रीने काढून फेकतो, आणि हे त्याचेच जास्त पैसे लावतात?" बुरशीने सालाला भोकं पडतात, पाणी उडून जातं आणि साखर घट्ट होते, हे त्यांना पटलं. किंमत पटली नाही.

जेवायला आम्ही नडलो. इथे दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. सव्वादोनला आम्हाला सगळीकडे नकारच मिळाला आणि बेकरीतल्या मिठाच्या ब्रेत्झलवर भागवावं लागलं. रात्री कोलमारच्या एका विन्श्टूबमध्ये, म्हणजे इथल्या लाकडी बाकांच्या खाणावळीत, मामीसाठी तार्त फ्लाँबे मागवला. पापडासारख्या पातळ पोळीवर मलई आणि कांदा लावून तो भट्टीत भाजतात. शाकाहारी हवा असं मी दोनदा सांगूनही वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरून आला. त्यांच्या लेखी ते मांस नसतं, कांद्यासारखं वरून घालायचं काहीतरी असतं. तेव्हा 'शाकाहारी' म्हणू नका, 'साँ लार्दों' म्हणा, म्हणजे त्या मांसाच्या तुकड्यांशिवाय. शूक्रूत, म्हणजे आंबवलेली कोबी, ही तर सॉसेजांच्या ढिगाखालीच येते. मामांनी ती खाल्ली, शेजारी रीसलिंग होती. आंबटाला आंबट, आणि चरबी धुवून निघते. या भागात ही जोडी इतकी ठरलेली आहे की कोबी शिजवायलाही तीच वाईन घालतात.

मामीसाठी शेवटी सापडलं ते बिबेलेसकेस. पाणी निथळलेलं ताजं चीज, त्यात लसूण, कांदापात, मीठ, आणि सोबत परतलेले बटाटे. मामीने चमचा चाटून पाहिला. "चक्का आहे हा. साखर घालायच्या ऐवजी लसूण घातलाय." शाकाहारी लोकांनी हे नाव पाठ करूनच यावं. शेवटी मुन्स्टर चीज आलं, ज्याचा वास टेबलावर यायच्या आधीच येतो, आणि बरोबर वाटीत जिरं. फ्रेंचमध्ये ते त्याला जिरंच म्हणत होते. मामीने दोन दाणे चावले. "जिरं कुठलं? शहाजिरं आहे हे." खरंच होतं. मुन्स्टर, शहाजिरं आणि गेवुर्त्सट्रामिनर हे त्रिकूट मात्र चुकवू नका. एकेकटे तिघेही उग्र, एकत्र आले की शांत होतात.

आता खरी गोष्ट. 'भारतीय जेवण? मग गेवुर्त्सट्रामिनर,' हा सल्ला मला दुकानात मिळाला, हॉटेलात मिळाला आणि याआधी जर्मनीतही मिळाला होता. दुसऱ्या रात्री खोलीवर आम्ही तो तपासला. मामीच्या पिशवीत बेसन, गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट असं सगळं होतं, आणि मिरच्या मी श्टुटगार्टच्या भारतीय दुकानातून घेतल्या होत्या. तिने पिठलं-भात केला आणि खलबत्ता नव्हता म्हणून जड पेल्याच्या बुडाने ठेचा रगडला. ठेच्याबरोबर गेवुर्त्सट्रामिनर घेतली आणि मामांच्या कानातून धूर निघाला. कारण साधं आहे. या वाईनमध्ये अल्कोहोल तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत, आंबटपणा कमी. अल्कोहोल मिरचीची आग भडकवतं, आणि ती विझवायला ना पुरेशी साखर, ना आंबट. त्याच ठेच्याला थंडगार जाँती चालली. कमी जोर, थोडी फळांची चव, बस्स. तिखटाबरोबर हलकी घ्या.

गेवुर्त्सट्रामिनर वाया गेली असं नाही. दुसऱ्या दिवशी मामीने मसालेभात केला, लवंग-दालचिनी आणि दगडफुलाचा वास सुटलेला, वर तूप. तिथे ती खुलली. सुवासिक चालतं तिला, जहाल नाही. भरल्या वांग्याला पिनो ग्री लागते. कूट, तीळ आणि तेल पेलायला अंगात वजन हवं, ते तिच्यात आहे. आणि रीसलिंगसाठी मामांनी बाजारातून ट्राउट आणला. ट्राउट आणि रीसलिंग ही इथलीही जुनी जोडी, फक्त ते लोण्या-मलईत करतात. मामीने हळद-मीठ-लिंबू चोळून, रव्यात घोळवून तळला. रव्याचा करकरीत थर, मग तो कैरीचा घोट. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. कोकणातल्या मंडळींनी सुरमईबरोबर हेच करावं, पण नारळाच्या आमटीला रीसलिंग नको, तिथे पुन्हा पिनो ग्रीच बरी. हे माझं मत आहे, भांडायला मोकळे आहात.

बाटली निवडताना लेबलवर बघा. 2021च्या तोडणीपासून आल्सासच्या वाईनवर गोडी लिहिणं बंधनकारक झालंय: 'सेक' म्हणजे कोरडी, मग 'द्मी-सेक', 'म्वालो' आणि 'दू' ही चढती गोडी. त्याआधीच्या बाटल्यांत रीसलिंग गोड निघेल की कोरडी याचा नेम नसतो, विचारूनच घ्या.

माझी स्वतःची एक फजिती. सप्टेंबरात इथे बाजारात नवी वाईन मिळते, अजून आंबत असलेली, गढूळ, गोड, अक्रोडाबरोबर खायची. चवीला झकास. पण ती अजून जिवंत असते, गॅस बाहेर पडावा म्हणून तिचं बूच सैलच ठेवतात. मी ती पाठपिशवीत आडवी घातली. स्टेशनवर पोहोचेपर्यंत माझे कपडे, मामांचा स्वेटर आणि मामीची पोथी, सगळं चिकट. ती तिथेच प्या. हातात उभी धरून न्या, किंवा नेऊच नका.

भारतात परत नेताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आहे. साध्या बाटलीत 750 मिलिलिटर असतं, म्हणजे तीन घेतल्या की सव्वादोन लिटर होतात आणि कस्टममध्ये बोलणी सुरू होतात. दोन पूर्ण आणि एक अर्धी, 375 मिलिलिटरची, एवढं बसतं. गोड वाईनची अर्धीच घ्यावी, कारण ती थेंबाथेंबाने प्यायची असते. सगळं चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. मामांनी दोन रीसलिंग आणि वॉनदाँज तार्दिवची एक अर्धी घेतली, मामीच्या नावावर गेवुर्त्सट्रामिनर आणि जाँती. घरी फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फासारख्या थंड वाईनला वास येत नाही. आणि गोड वाईनबरोबर पुरणपोळी खाऊ नका. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन पाण्यासारखी लागते.

आल्सासची बाटली कायद्यानेच उंच आणि सडपातळ असते, 'फ्लूत' म्हणतात तिला. फ्रीजच्या दारात उभी राहत नाही, हे मामीने घरी पोहोचल्यावर फोन करून सांगितलं. छाटणी आटोपली त्या रात्री मामांनी रीसलिंग तळलेल्या मासळीबरोबर उघडली. रिकामी बाटली तिने धुवून घेतली, आता तिच्यात देवाचं तेल ठेवते. तोंड अरुंद आहे, धार बारीक पडते म्हणाली.