अल्फामात आईसोबत

लिस्बनचा अल्फामा, म्हणजे टेकडीवरचा जुना भाग, चढून बघायचा नाही, वरून खाली उतरत बघायचा, हे आईच्या गुडघ्यांनी ठरवलं. २८ नंबरची पिवळी ट्राम दोनदा खच्चून भरलेली गेली. मग प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरची छोटी बस पकडली आणि किल्ल्यापाशी उतरलो. तिकिटाची रांग बघून आई म्हणाली, "किल्ले आपल्याकडे कमी आहेत का?" रांग सोडली.

थोडं खाली सांता लुझियाचं चर्च आहे. त्याच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये नदीकाठचा राजवाड्याचा चौक दिसतो, १७५५च्या भूकंपाआधीचा. त्या भूकंपात खालचं शहर जमीनदोस्त झालं आणि नवे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ झाले. अल्फामा टणक खडकावर, म्हणून बराचसा तगला. गल्ल्याही जुन्याच राहिल्या, आडव्यातिडव्या. नावसुद्धा अरबी: अल-हम्मा, म्हणजे गरम पाण्याचे झरे.

पुढे फादोच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्याच्या, संग्रहालयाकडे निघालो आणि दहा मिनिटांत हरवलो. मोबाइलवरचा निळा ठिपका कुणाच्या तरी घरात शिरून बसला होता. एकाच दाराशी आम्ही दोनदा आलो. दुसऱ्यांदा खिडकीतल्या आजीबाई हसल्याच. मग नकाशा खिशात टाकला आणि पाट्या वाचायला लागलो. रुआ म्हणजे रस्ता, लार्गू म्हणजे छोटा चौक, एश्कादिन्याश म्हणजे पायऱ्या. बेकू म्हणजे बोळ, आणि तो पुढे बंदही निघू शकतो, म्हणून बेकू टाळायचा. बाकी उतार धरायचा, कारण खाली तेजू नदी आहेच. एवढं पुरलं.

पायांखाली मात्र लक्ष हवं. चुनखडीचे ते पांढरे चौकोनी दगड झिजून गुळगुळीत झालेत. घसरलो मी, महागड्या बुटांसकट. आई चपलांवर ठणठणीत.

वाटेत एका दुकानात आईने बोट दाखवून खणखणीत आवाजात "पाव" म्हटलं. बाईंनी लगेच चार पाव पिशवीत घातले. "बघ, यांनाही मराठी कळतं," आई म्हणाली. पाव, बटाटा, चावी हे सगळं आपणच या पोर्तुगीजांकडून घेतलंय, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला फारसं पटलं नाही.

संग्रहालयासमोरच्या चौकात टेकलो, पाव खाल्ले. आईने वर चढत गेलेल्या घरांकडे एकदा बघितलं.

"परत वर नाही ना जायचं?"

"नाही गं. सांता आपोलोनियाची मेट्रो इथून जवळच आहे."

"मग आत जाऊ या."