मॅटमधली फट
मुलीला कराटे शिकवायचे ठरले, तेव्हा मी गंगापूर रोडवर घराजवळचा एक क्लास पाहिला, फी विचारली आणि त्याच दिवशी तिचे नाव घातले. ती माझी चूक होती. सहा महिन्यांत दोन बेल्ट मिळाले, दोन्ही परीक्षांची फी वेगळी भरली. पण एका संध्याकाळी सरावात ती मागे कोसळली, तेव्हा तिने पाठीमागे हात टेकला आणि मनगट सुजले. पडावे कसे, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. सरांना विचारले, तर मुलांना अशी सवय व्हायलाच हवी, एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. पंचवटीतल्या एका ज्युदोच्या क्लासमध्ये तीन दिवस नुसता बसून राहिलो. सराव सुरू होण्याआधी तिथले सर मॅटच्या कडेने चालत गेले आणि दोन मॅटमध्ये पडलेली फट त्यांनी पायाने सारून बंद केली, कारण अशा फटीत पायाचे बोट अडकले तर मोडू शकते. मग बराच वेळ फक्त पडण्याचा सराव झाला: हनुवटी छातीशी, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून थोडा दूर, तळव्यापासून दंडापर्यंत सबंध मॅटवर आपटायचा. याला ज्युदोत उकेमी म्हणतात. सगळ्यांत घाबरलेल्या मुलाजवळ सर गुडघ्यावर बसले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटले. हुशार मुलांना कोणीही शिकवील.

काळ्या पट्ट्याची आपल्याकडे फार भुरळ आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची कोडोकान ही शाळा सुरू केली आणि पट्ट्यांची ही पद्धत तिथूनच कराटेत आली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे आरंभाची पायरी. त्यामुळे अमुक महिन्यांत काळा पट्टा देतो असे सांगणाऱ्याकडे मी तरी मूल पाठवणार नाही. सर स्वतः कोणाकडे शिकले आणि ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याची परीक्षा, कोणती संघटना घेते, हे निःसंकोच विचारावे. पालकांना सराव पाहू न देणारा क्लास मात्र, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तिथेच सोडावा.

आठ महिने झाले, मुलीचा पट्टा पांढराच आहे. परीक्षा कधी, असे मी मागच्या आठवड्यात विचारले, तेव्हा सर म्हणाले, “तिची उजवी बाजू अजून कच्ची आहे, दादा. तयार झाली की मीच सांगेन.”