बडोद्याच्या नर्सरीत जुनिपरची भावंडं

बडोद्याला उतरून दांडिया बाजारात मावशीकडे सामान टाकलं, शेवउसळ खाल्ली आणि लगेच तिच्याबरोबर नर्सरीत गेलो. तिला दाराशी ठेवायला झाड हवं होतं. माळ्याने दोन कुंड्या पुढे केल्या, एक मोरपंखीची, दुसरी जुनिपर या सूचिपर्णी झाडाची.

"अरे, दोन्ही सारखीच की!" मावशी म्हणाली.

मला राहवेना. मोरपंखीची फांदी इस्त्री केल्यासारखी चपटी असते, तर जुनिपरची डहाळी बोटांत फिरवली की गोल लागते. खरा फरक फळात. मोरपंखीची शिंगं असलेली फळं वाळून लाकडासारखी होतात आणि उकलतात. जुनिपरच्या शंकूचे, म्हणजे फळाचे, खवले मात्र मांसल होऊन एकमेकांत मिसळतात, म्हणून त्याचा टपोरा निळा मणी होतो. पक्षी तो खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात.

समोरचा होता चिनी जुनिपर. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. याच्या एकाच झाडावर टोचणारी सुईसारखी पानंही असतात आणि फांदीला चिकटलेली बारीक खवल्यांसारखीही. नुसत्या पानावरून जात ओळखणं कठीण जातं ते यामुळेच.

दुपारी कमाटीबागेत झाडाखाली बसल्यावर मावशीने विचारलं, "आपल्याकडे हे जंगलात कुठे असतं रे?"

हिमालयात, आणि तिथे खरी मजा आहे! साधा जुनिपर ही वेगळी जात. त्याची पानं तीन-तीनच्या झुबक्यात, प्रत्येकाच्या बुडाशी सांधा, वरच्या अंगाला एकच पांढरा पट्टा, फळात बहुधा तीन बिया. उत्तर अमेरिकेपासून युरोप-आशियापर्यंत तो पसरलाय. सूचिपर्णी झाडांत इतका पसारा दुसऱ्या कुणाचा नाही. त्याच डोंगरांत स्क्वामाटा या दुसऱ्या जुनिपरचं झुडूप भेटतं. पानं तशीच तीन-तीन, पण बुडाशी सांधा नाही, पान खाली फांदीवर उतरत जातं, आणि फळात एकच बी. हे दोघे जुनिपरच्या वेगळ्या विभागांतले, म्हणजे उपगटांतले. साधा जुनिपर सांधेवाल्यांचा, स्क्वामाटा चिनी जुनिपरच्या सबिना विभागातला. म्हणजे नर्सरीतल्या कुंडीचं जवळचं नातं सुईवाल्या स्क्वामाटाशी, तितक्याच सुईवाल्या साध्या जुनिपरशी नव्हे.

हिमाचलातल्या लाहौलमध्ये मोठी झाडं आहेत ती पॉलिकार्पोस या जुनिपरची. जुन्या पुस्तकांत त्यांची नोंद मॅक्रोपोडा किंवा एक्सेल्सा या नावांखाली आढळते, म्हणून तिथे जाणाऱ्याने तिन्ही नावं टिपून ठेवावीत. भिंगही न्यावं, पानाचं बूड नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही.